सेफ कस्टडी

आमच्या शाखेतून निवृत्त झालेले हेड कॅशियर आप्पा ह्यांचा आयुष्यात दोनच गोष्टींवर पूर्ण विश्वास आहे. एक तिजोरीच्या कुलपावर, आणि दुसरा इंग्रजांवर. मुलाकडे लंडनला दीड महिना राहून आल्यापासून तर दुसरा विश्वास पहिल्याच्याही पुढे गेला आहे. परत आल्यावर ते शाखेत आले, सगळ्यांना एकेक चॉकलेट वाटलं, काउंटरच्या आतल्या बाजूला स्टुलावर बसले आणि म्हणाले, "अरे, ब्रिटिश म्युझियम बघून आलो. काय जपून ठेवलंय एकेक! लोक उगाच बोंब मारतात, नेलं, नेलं म्हणून. त्यांनी नेलं म्हणून तर टिकलं! आपल्याकडे असतं तर एव्हाना त्याच्यावर बदाम काढून आत नावं कोरून झाली असती."

सगळ्या शाखेने माना डोलावल्या. मीही डोलावली. हे वाक्य आपल्या मध्यमवर्गात पानाच्या तबकासारखं फिरत असतं. समोर आलं की चिमूटभर घ्यायचं आणि पुढच्याकडे सरकवायचं. आत काय आहे हे कोणी उघडून बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सहकुटुंब अथेन्सला जाऊन आलो, आणि तेव्हा डोलावलेली मान परत घेण्यासाठी हा लेख लिहायला बसलो आहे.

अथेन्सच का, असं पुष्कळांनी विचारलं. त्याचं असं आहे, की बॅंकेची एल.एफ.सी. भारताच्या किनाऱ्यावर येऊन संपते. पुढचा समुद्र स्वखर्चाने ओलांडायचा असतो. त्यासाठी कन्या चौथीत असताना मी एक आर.डी. उघडली होती, ती कन्येबरोबरच दहावीला आली. सौ.ला पॅरिस हवं होतं. चिरंजीवांना जिथे फुटबॉलचं मोठं मैदान आहे असं कोणतंही गाव चालणार होतं. कन्येने इतिहासाच्या पुस्तकात पार्थेनॉनचं चित्र पाहिलं होतं. माझं मत कोणी विचारलं नाही. शेवटी निर्णय घेतला तो आर.डी.च्या मॅच्युरिटी व्हॅल्यूने. पॅरिस तिच्यात बसेना, अथेन्स अंग चोरून बसलं.

तर आम्ही अथेन्सला गेलो. विमानतळावरून मेट्रोने सिन्ताग्मा नावाच्या स्टेशनावर उतरलो, तर स्टेशनातच म्युझियम! मेट्रो खोदताना जमिनीच्या पोटातून जे जे निघालं, ते त्यांनी तिथेच काचेमागे मांडून ठेवलं आहे. आमच्याकडे खोदताना निघते ती पाण्याची लाइन. वर आल्यावर पार्लमेंटसमोर अज्ञात सैनिकाच्या स्मारकापाशी पहारेकरी दिसले. अंगात चुण्याचुण्यांचा पांढरा घागरा, पायांत भल्यामोठ्या गोंड्यांचे जोडे. ह्या घागऱ्याला चारशे चुण्या असतात आणि त्या तुर्की राजवटीच्या चारशे वर्षांच्या म्हणून घालतात, असं कन्येने वाचून सांगितलं. सौ.ने एकच प्रश्न केला, "इस्त्री कोण करतं?" जेवणाचं म्हणाल तर आम्ही शाकाहारी, त्यामुळे चार दिवस सकाळ-संध्याकाळ ग्रीक सॅलड. म्हणजे काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि तिच्या डोक्यावर चीजची एक वीट. त्या चीजचं नाव फेटा. फेटा डोक्यावर असावा हे आमच्या संस्कृतीत बसण्यासारखं असल्यामुळे तक्रारीला जागा राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ॲक्रोपोलिसच्या टेकडीवर चढलो. तिकीट माणशी तीस युरो. मी मनातल्या मनात गुणाकार करू लागलो तशी सौ. म्हणाली, "आता गुणाकार नको, आता चढा." वाटेतला संगमरवर लाखो पावलांनी इतका गुळगुळीत झाला आहे की देवळापर्यंत माणूस आपोआप वाकून, नम्र होऊनच पोचतो. वर पार्थेनॉन. इसवी सनापूर्वी ४४७ ते ४३२ ह्या काळात, पेरिक्लीस नावाच्या पुढाऱ्याच्या कारकिर्दीत बांधलेलं अथीना देवीचं देऊळ. इक्टिनोस आणि कॅलिक्रेटीस हे वास्तुकार, आणि शिल्पांवर देखरेख फिडियसची. शेजारी एक क्रेन उभी होती. दुरुस्तीसाठी समिती नेमली १९७५ साली, आणि काम अजून चालू आहे. आमच्या सोसायटीच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगबद्दल मी ह्यापुढे सेक्रेटरींना काही बोलणार नाही.

"बाबा, हे सगळं तुटकंच आहे," चिरंजीव म्हणाले. "तुटक्याचे तीस युरो?"

प्रश्न कॉमर्सला शोभणारा होता. मी गाइडबुक काढलं. हे देऊळ पुढे ख्रिस्ती लोकांचं चर्च झालं, मग तुर्कांची मशीद झाली, मग तुर्कांनीच त्यात दारूगोळा भरून ठेवला. एका इमारतीने भाडेकरू तरी किती पाहावेत! १६८७ साली व्हेनिसच्या फौजेने मोरोसिनी नावाच्या सेनापतीच्या हाताखाली ह्या टेकडीवर तोफा डागल्या, एक गोळा बरोब्बर त्या दारूगोळ्यावर पडला आणि दोन हजार वर्षं धड उभं राहिलेलं देऊळ मधोमध उडालं. तेव्हा तुटण्याचा दोष सगळा इंग्रजांवर टाकता येत नाही, हे मी आप्पांसाठी इथेच नोंदवून ठेवतो.

इंग्रज येतात ते नंतर. लॉर्ड एल्गिन नावाचे एक सरदार १७९९ ते १८०३ पर्यंत तुर्की सुलतानाच्या दरबारी इंग्लंडचे वकील होते, आणि अथेन्स तेव्हा सुलतानाच्या ताब्यात होतं. १८०१ पासून एल्गिनसाहेबांच्या माणसांनी पार्थेनॉनवरची शिल्पं काढायला सुरुवात केली. पडलेली उचलली असं नव्हे, चांगली भिंतीला असलेलीही करवतीने कापून उतरवली. वर देवळाच्या चारही बाजूंनी फिरणारा, १६० मीटर लांबीचा, घोडेस्वारांच्या नि मानकऱ्यांच्या मिरवणुकीचा कोरीव पट्टा होता. त्यातला ७५ मीटर आज लंडनला आहे. शिवाय चौकटीतली १५ शिल्पं आणि छताच्या त्रिकोणातल्या १७ मूर्ती. शेजारच्या एरेक्थिऑन देवळाच्या सज्जाला खांबांऐवजी सहा दगडी बायका होत्या, त्यातली एक बाईही. ही सगळी वरात जहाजांनी निघाली. त्यातलं एक जहाज १८०२ साली किथिरा बेटापाशी बुडालं, आणि पाणबुडे लावून माल वर काढावा लागला. म्हणजे माल जपून ठेवण्याची सुरुवात तो समुद्राच्या तळाशी ठेवून झाली.

पुढे एल्गिनसाहेब कर्जात बुडाले. सत्तर हजार पौंडांच्या वर खर्च झाला असा त्यांचा हिशेब होता. १८१६ साली ब्रिटिश सरकारने पस्तीस हजारांत सौदा केला. पार्लमेंटमध्ये ८२ विरुद्ध ३० मतं पडली. म्हणजे विरोधात मत देणारे तीस जण खुद्द तिथेच होते. त्यातल्या काहींना खर्च खुपत होता आणि काहींना कृत्य. कवी बायरनने तर एल्गिनला असं काही झोडपलं की दोनशे वर्षं झाली तरी वळ जात नाहीत. हेही आप्पांच्या लक्षात आणून द्यायला हवं. इंग्रजांवर विश्वास ठेवायचा तर कोणत्या इंग्रजांवर, हे आधी ठरवा.

दुपारी टेकडीच्या पायथ्याशी ॲक्रोपोलिस म्युझियममध्ये गेलो. मुख्य कारण एअरकंडिशनिंग. हे म्युझियम २००९ साली उघडलं. "ग्रीकांकडे ह्या वस्तू ठेवायला धड जागा तरी कुठे आहे?" असं जे लंडनहून वर्षानुवर्षं विचारलं जात होतं, त्याचं उत्तर म्हणून बांधल्यासारखं आहे. त्याचा वरचा मजला खालच्या मजल्यांच्या रेषेत नाही, थोडा वळवलेला आहे. का, तर टेकडीवरच्या पार्थेनॉनशी समांतर यावा म्हणून. चारी बाजूंना काच. काचेतून समोर खरं देऊळ दिसतं, आणि आत त्याच मापाने, त्याच दिशांना, त्याच क्रमाने तो कोरीव पट्टा लावला आहे.

आणि इथे कन्या थांबली.

"बाबा, हे अर्धे पांढरे का आहेत?"

खरंच होतं. काही शिळा मधाच्या रंगाच्या, उन्हापावसाने मुरलेल्या. आणि मध्येमध्ये चुन्यासारख्या पांढऱ्याफटक. पांढऱ्या म्हणजे प्लास्टरच्या नकला. मुरलेल्या त्या इथल्या, पांढऱ्या त्या लंडनला असलेल्यांच्या. मिरवणूक चालली आहे, चार घोडे तपकिरी, पुढचे सहा पांढरे, पुन्हा दोन तपकिरी. पोसायडन म्हणजे त्यांचा समुद्रदेव. त्याच्या तर धडाचेच दोन भाग झाले आहेत, एक अथेन्सला आणि एक लंडनला. देवाला दोन ठिकाणी हजर राहता येतं हे आम्हां हिंदूंना मान्य आहे, पण असं नव्हे.

खालच्या मजल्यावर त्या दगडी बायका आहेत. टेकडीवर आता सहाही नकला उभ्या केल्या आहेत. खऱ्या इथे आत. खऱ्या पाच. सहावीची जागा मोकळी ठेवली आहे. पंगतीत एक पाट मांडून ठेवावा आणि पाहुणा येऊ नये, तशी. आम्ही चौघं त्या मोकळ्या जागेपुढे उगाच बराच वेळ उभे राहिलो. मग सौ. हळूच म्हणाली, "दादांकडची समई."

समईची हकीकत सांगितल्याशिवाय आता पुढे जाता येणार नाही. माझ्या आजीने माहेराहून पितळी समयांची जोडी आणली होती. उंच, पाच वातींच्या, बैठकीवर आजीचं नाव घातलेल्या. गणपतीत मखराच्या दोन बाजूंना दोन. तीस वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, दादरला नवा ब्लॉक घेतला. वास्तुशांतीला म्हणून त्यातली एक समई तो घेऊन गेला, आणि ती तिकडेच राहिली. सुरुवातीला वडील दर गणपतीला आठवण करत. दादा म्हणायचा, "अहो काका, आमच्याकडे जपून आहे. तुमच्या त्या गळक्या खोलीत तिला जंग चढला असता." पितळेला जंग चढत नाही, हे काकांनी पुतण्याला सांगायचं राहून गेलं. आमच्या देवघरात एक समई आहे. तिच्या दुसऱ्या बाजूला आम्ही स्टीलचं निरांजन ठेवतो. प्लास्टरची नकल म्हणा हवं तर.

आता मी मुद्द्यावर येतो, आणि मुद्दा माझ्या धंद्यातला आहे. मी बी.कॉम., बॅंकेत वीस वर्षं नोकरी, त्यातली नऊ वर्षं लॉकर आणि सेफ कस्टडीच्या टेबलावर. पूर्वी आम्हांला क्लार्क म्हणत, आता कस्टमर असोसिएट म्हणतात. टेबल तेच आहे. सेफ कस्टडी म्हणजे ग्राहक आपली सीलबंद पेटी बॅंकेकडे सांभाळायला ठेवतो, बॅंक पावती देते आणि वर्षाला फी घेते. नऊ वर्षांत मी किती पेट्या जपल्या असतील! एकीलाही वाळवी लागू दिली नाही. पण ग्राहक पावती घेऊन समोर आल्यावर "अहो, इतकी वर्षं आम्ही जपली म्हणून तर टिकली, आता ही आमची" असं मी म्हटलं असतं, तर आप्पांनीच मला सस्पेंड करवलं असतं. आणि आप्पा लंडनला जाऊन नेमकं ह्याच वाक्याला टाळ्या वाजवून आले!

बी.कॉम.ला आम्हांला इंडियन कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट होता. त्यात 'बेलमेंट' म्हणून प्रकरण आहे. सांभाळायला दिलेली वस्तू मुदत संपताच, मालकाने मागण्याचीही वाट न पाहता, परत करावी असं कलम १६० सांगतं. कलम १६३ तर सगळ्या वर्गाचं आवडतं, कारण त्यात गाय आहे. 'अ'ने आपली गाय 'ब'कडे सांभाळायला ठेवली. गाय तिथे व्याली. तर 'ब'ने गाय तर परत करावीच, पण वासरूही द्यावं. बघा, नुसती गाय नव्हे, वासरूसुद्धा! हा कायदा १८७२ सालचा आहे. म्हणजे आम्हांला तो इंग्रजांनीच करून दिला. जो माणूस आपल्याला गाय-वासरू शिकवतो, त्याच्या स्वतःच्या गोठ्यात कोणाची गाय बांधलेली आहे हे विचारायला काय हरकत आहे?

ह्यावर लंडनकर म्हणतात, आम्ही सांभाळायला घेतलेलंच नाही, आम्ही रीतसर विकत घेतलं. एल्गिनकडे सुलतानाची परवानगी होती. ठीक. परवानगी दाखवा. तर मूळ तुर्की कागद आजवर मिळालेला नाही. आहे तो एक इटालियन तर्जुमा. मूळ कागदाशिवाय आमच्याकडे नॉमिनीचं नावसुद्धा बदलून मिळत नाही. बरं, त्या तर्जुम्यात तरी काय आहे? दगडाचे काही तुकडे नेले तर अडवू नये, अशा अर्थाचे शब्द आहेत. काही तुकडे! 'किरकोळ खर्चास' म्हणून कोणी व्हाउचरवर सही घ्यावी आणि कॅश काउंटर उचलून न्यावा, त्यातला हा प्रकार. आणि सही कोणाची? घरमालकाची नव्हे, घरात घुसून चारशे वर्षं बसलेल्याची.

दुसरा युक्तिवाद, की आता दोनशे वर्षं झाली. होऊ देत. आमच्याकडे दहा वर्षं कोणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बॅंकेच्या फंडात जाते; पण ठेवीदाराचा हक्क जात नाही. तो किंवा त्याचा वारस कधीही कागद घेऊन आला की पैसे द्यावे लागतात. तिसरा युक्तिवाद फार विद्वान लोक करतात, की आजचे ग्रीक म्हणजे ते जुने ग्रीक नव्हेत. अहो, वारसदाखला खातेदार गेल्यावर मागतात! इथे खातेदार स्वतः टेकडीवर उभा आहे. ती शिल्पं ज्या भिंतीची आहेत ती भिंत तिथे आहे, मापं जुळताहेत, तुटल्याच्या खुणा जुळताहेत. ह्याहून मोठं के.वाय.सी. आमच्या बॅंकेतही नाही.

बरं, जपलं जपलं म्हणतात ते तरी कसं? १९३७-३८ साली एका धनाढ्य देणगीदाराला, लॉर्ड ड्युवीनना, ही शिल्पं पांढरीशुभ्र हवी होती. त्यांच्या पैशाने नवं दालन बांधलं जात होतं. ग्रीक शिल्प म्हणजे पांढरं, ही साहेबाची समजूत. मग कामगारांनी तांब्याच्या हत्यारांनी आणि कार्बोरंडमने ती घासली. दोन हजार वर्षांचा मधाळ रंग खरवडून काढला. पुढे म्युझियमनेही ही चूक कबूल केली, पण खरवडलेलं परत चिकटत नाही. आणि २०२३ साली त्याच म्युझियमने जाहीर केलं की सुमारे दोन हजार वस्तू गहाळ, चोरीला किंवा मोडतोड झालेल्या आहेत. संचालकांनी राजीनामा दिला. दोन हजार! आमच्याकडे संध्याकाळी पन्नास पैशांचा फरक निघाला तर आठ वाजेपर्यंत कोणी घरी जात नाही. सौ. ह्याला साक्षीदार आहे.

पण मला हसू आलं ते ह्या सगळ्याला नव्हे. १९८२ साली मेक्सिकोतल्या युनेस्कोच्या परिषदेत ग्रीसच्या सांस्कृतिक मंत्री मेलिना मर्कुरी ह्यांनी ही शिल्पं परत मागितली तेव्हापासून लंडनचं एक उत्तर ठरलेलं आहे: १९६३ च्या ब्रिटिश म्युझियम ॲक्टप्रमाणे विश्वस्तांना वस्तू देऊन टाकता येत नाहीत. आम्ही काय करणार, कायद्यात बसत नाही! हे वाचून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आमच्या काउंटरवर ह्यालाच "सिस्टीम अलाउ करत नाही" असं म्हणतात. मी स्वतः हे वाक्य दिवसातून वीस वेळा म्हणतो, त्यामुळे त्याची किंमत मला ठाऊक आहे. सिस्टीम अलाउ करत नाही, म्हणजे मला उठायचं नाही. ज्यांना उठायचं होतं ते उठले. हायडेलबर्गच्या विद्यापीठाने आपल्याकडचा पार्थेनॉनचा तुकडा २००६ साली दिला, पालेर्मोच्या म्युझियमने २०२२ साली कायमचा दिला, पोपमहाराजांच्या व्हॅटिकनने २०२३ साली तीन दिले. कोणाचं छप्पर कोसळल्याचं ऐकिवात नाही.

लंडनवाले हल्ली म्हणतात, उसनी देऊ. मात्र उसनी घेणाऱ्याने आधी मान्य करायचं की मालक आम्ही. ग्रीक सरकार म्हणतं, आमचीच वस्तू उसनी घेतल्याची पावती आम्ही फाडणार नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात तर ह्यावरून ब्रिटिश पंतप्रधानांनी ग्रीक पंतप्रधानांची ठरलेली भेटच रद्द केली. आमच्याकडे समईवरून भाऊबीज रद्द झाली होती, तेव्हा ह्यात मला नवल वाटलं नाही.

आता आप्पांची बाजू. ती अगदीच पोकळ आहे असं मी म्हणत नाही. अथेन्सच्या धुराने टेकडीवरच्या शिल्पांची वाट लागत होती. त्या दगडी बायकांना १९७९ साली आत हलवावं लागलं ते त्यामुळेच. लंडनला असलेल्यांना तो धूर लागला नाही. ब्रिटिश म्युझियमला तिकीट नाही, आणि इथे मी माणशी तीस युरो मोजून चढलो, तेही खरं. आणि बदामात नावं कोरण्याबद्दल तर मी बोलूच शकत नाही, कारण १९९७ साली कॉलेजच्या सहलीत सिंहगडाच्या एका भिंतीवर मी स्वतः कोळशाने नाव लिहिलेलं आहे. बदाम नव्हता, नुसतं नाव आणि 'एफ.वाय.बी.कॉम.'

पण जपल्याबद्दल आभार मानतात हो, सातबारा लिहून देत नाहीत! माझं आप्पांशी, आणि आप्पांसारख्या समस्तांशी भांडण आहे ते इथे. आपण आपले किल्ले नासवले, ह्याची लाज वाटायलाच हवी. त्यासाठी एखाद्या रविवारी झाडू घेऊन वर जावं. आपण करतो काय, तर स्वतःच्या लाजेची भरपाई दुसऱ्याच्या देवळातल्या घोड्यांनी करतो. आम्ही नालायक, म्हणून तुम्ही मालक! तो हायडेलबर्गचा तुकडा मी म्युझियमात शोधत होतो तेव्हा तिथल्या रखवालदार बाईने कुठून आलात म्हणून विचारलं. मी इंडिया म्हणताच ती हसून म्हणाली, "मग तुम्हांला सांगायला नको." मी हो हो म्हणून मान डोलावली. आणि त्याच मानेने शाखेत आप्पांनाही डोलावली होती.

आम्हांला खरंच सांगायला नको. २०२४ च्या जुलैत वाघनखं आली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून, तीन वर्षांच्या बोलीवर. अफझलखानाच्या भेटीतली तीच का, हे त्या म्युझियमलाही ठामपणे सांगता येत नाही. तरीही आम्ही साताऱ्याला जाऊन रांगेत उभे राहिलो, काचेपुढे आलो आणि चौघांनीही चपला नसलेल्या पायांनी उभं राहावं तसे गप्प उभे राहिलो. बाहेर आल्यावर चिरंजीवांनी विचारलं, "परत का द्यायची?" मी म्हणालो, "उसनी आणलीत म्हणून." तो म्हणाला, "आपलीच?" मी त्याला उसाचा रस पाजला. २०२५ साली रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली, ती राज्य सरकारने ४७ लाखांच्या वर मोजून आणली. म्हणजे दोन वाटा झाल्या. आपली वस्तू उसनी घ्या, नाहीतर विकत घ्या.

परत आल्यावर हे सगळं मी आप्पांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे सगळं परत देत बसले तर म्युझियमं रिकामी होतील रे." मी म्हणालो, "आप्पा, सगळ्या ग्राहकांनी लॉकर सरेंडर केले तर आपली स्ट्राँगरूम रिकामी होईल, म्हणून आपण दागिने ठेवून घेतो का?" ते म्हणाले, "तू फार बोलायला लागलास." पण उठताना विचारून गेले, तिकडे जायला किती खर्च येतो म्हणून.

घरी मात्र सौ.ने मला वेगळंच गाठलं. "एवढं म्हणताय, तर गॅलरीतली शिडी कोणाची?" शिडी शेजाऱ्यांची आहे. अकरा वर्षांपूर्वी पंख्याला रंग देण्यासाठी आणली होती. मध्यंतरी तिला आम्ही रंगही दिला. मी त्याच संध्याकाळी ती खांद्यावर घेऊन शेजारी गेलो. शेजारी म्हणाले, "अहो राहू द्या, आमच्याकडे जागा नाही." मी म्हणालो, जागेचा प्रश्न मालकाचा, आणि ती त्यांच्या दारात उभी करून आलो. आता त्यांच्या घरात शिरताना तिच्याखालून जावं लागतं.

मग दादाकडे गेलो. समई हॉलमध्ये शोकेसमध्ये आहे, वर दिवा सोडलेला, आत वात मात्र कधी लावत नाहीत. "बघ, कशी लखलखतेय," दादा म्हणाला, "आठवड्याला पावडरने घासून घेतो." मी वाकून बैठक पाहिली. आजीचं नाव गेलं होतं. बोट फिरवल्यावर एक काना तेवढा लागला.

मी काही बोललो नाही. चहा झाला. निघताना गणपतीपुरती समई मागितली. दादा मोठ्या मनाने म्हणाला, "ने की! दहा दिवसांनी आणून दे. फक्त वहिनींच्या समाधानासाठी एक कागद लिहून दे, म्हणजे उद्या पोरांच्यात वाद नको. समई आमची असून तुम्ही दहा दिवसांकरता नेत आहात, एवढंच."

गणपतीला अजून तीन आठवडे आहेत. कोरा कागद टेबलावर आहे. दादाचा काल पुन्हा फोन आला होता, आणि सौ.ने स्टीलचं निरांजन घासून वर काढून ठेवलं आहे.